धावपट्टीजवळ दोन विमानं एकमेकांच्या अंगावर कशी येतात, आणि टीकॅस तिथे का पुरत नाही

प्रश्न असा होता: विमानतळाजवळ दोन विमानं हवेत अगदी जवळून गेली, थोडक्यात धडक टळली. खाली रडार आहे, नियंत्रक आहे, विमानात टीकॅस ही टक्कर टाळणारी यंत्रणाही आहे. मग असं होतं कसं, आणि झालं तर कॉकपिटमध्ये नेमकं काय करायचं असतं?

विमान धावपट्टीच्या जितकं जवळ येतं, तितके संरक्षणाचे थर एकेक करून पातळ होतात. त्यांतले बरेचसे मुद्दाम पातळ केलेले असतात, कारण तसं केलं नाही तर विमानं उतरणारच नाहीत. 35,000 फुटांवर विमानाला वाचवणारी यंत्रणा 500 फुटांवर गप्प असते, हे लक्षात घेतल्याशिवाय विमानतळाजवळची कुठलीही घटना नीट कळत नाही.

आधी ‘जवळून’ म्हणजे किती ते ठरवू. लांबच्या मार्गांवर रडारखाली साधारण 5 नॉटिकल मैलांचं आडवं अंतर ठेवतात, विमानतळाच्या परिसरात ते 3 मैलांवर येतं. उभं अंतर 1000 फूट, म्हणजे 305 मीटर. आडवं किंवा उभं, यांपैकी एक शाबूत असलं की पुरे. समोरून येणारं जेट 1000 फूट खालून गेलं तर खिडकीतून ते छातीत धस्स व्हावं इतकं मोठं दिसतं, पण तो पूर्णपणे नियमात बसणारा प्रकार असतो. प्रवाशांनी सांगितलेल्या कित्येक ‘थोडक्यात वाचलो’च्या गोष्टी अशाच असतात. अमेरिकेत 500 फुटांपेक्षा कमी अंतर, किंवा वैमानिकाला धडकेचा धोका वाटला असं त्याने कळवणं, ही नोंदीची व्याख्या आहे. आयकाओ या आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेच्या पद्धतीत याला एअरप्रॉक्स म्हणतात आणि तपासानंतर चार वर्ग लावतात: धडकेचा धोका होता, सुरक्षिततेची खात्री नव्हती, धोका नव्हता, किंवा ठरवता आलं नाही. अंतराचा नियम मोडला म्हणजे धडक होणारच होती असं नाही. उलट, वैमानिकाने समोरचं विमान दिसल्याचं सांगितलं होतं म्हणून अंतराचा कुठलाच नियम मोडला नाही, आणि तरीही धडक झाली, असंही घडलेलं आहे.

आता टीकॅसकडे. ही यंत्रणा आजूबाजूच्या विमानांतल्या ट्रान्सपॉन्डरना (विचारणेला आपोआप उत्तर देणाऱ्या रेडिओ उपकरणांना) विचारणा करते, उत्तर यायला लागलेल्या वेळेवरून अंतर काढते आणि उत्तरातल्या उंचीवरून उभा फरक काढते. ती मैल मोजत बसत नाही, सेकंद मोजते: अंतर भागिले जवळ येण्याचा वेग. आधी ‘ट्रॅफिक, ट्रॅफिक’ असा टीए, म्हणजे नुसता इशारा येतो, मग चढा किंवा उतरा असा आरए, म्हणजे आदेश. वर, 20,000 फुटांच्या पुढे, टीए साधारण 48 आणि आरए 35 सेकंद आधी येतो. 5,000 ते 10,000 फुटांच्या पट्ट्यात तेच आकडे 40 आणि 25 होतात. जमिनीपासून 1,000 ते 2,350 फुटांत 25 आणि 15. साधारण 1,000 फुटांखाली आरए मिळतच नाही, आणि 500 फुटांच्या आसपास टीएचा आवाजही बंद होतो. ‘उतरा’ हा आदेश तर 1,100 फुटांखालीच बाद होतो, कारण तिथे खाली जमीन आहे. अंतिम टप्प्यावर, चाकं खाली आणि फ्लॅप पूर्ण असताना, शेजारच्या टॅक्सीवेवरच्या किंवा समांतर धावपट्टीवरच्या विमानामुळे दर वेळी आरए वाजू लागला तर त्यातूनच अपघात होतील. तेव्हा ही काटछाट बरोबरच आहे. पण तिची किंमत आहे.

ती किंमत 29 जानेवारी 2025 च्या रात्री वॉशिंग्टनच्या रीगन विमानतळाजवळ दिसली. पीएसए एअरलाइन्सचं सीआरजे-700 धावपट्टी 33 वर उतरत होतं, लष्कराचं ब्लॅक हॉक हेलिकॉप्टर नदीच्या काठाने चाललं होतं. 67 जण गेले. सीआरजेच्या कॉकपिटमध्ये सुमारे 20 सेकंद आधी ‘ट्रॅफिक, ट्रॅफिक’ वाजलं होतं. पुढचा आदेश मात्र त्या उंचीवर यंत्राने द्यायचाच नव्हता. हेलिकॉप्टरच्या त्या मार्गाची कमाल उंची 200 फूट होती. धडकेच्या वेळी हेलिकॉप्टरच्या रेडिओ अल्टिमीटरवर (खालच्या पृष्ठभागापासूनची उंची मोजणाऱ्या उपकरणावर) 278 फूट होते. एवढं वाचून ‘78 फूट वर गेलं म्हणून’ असा निष्कर्ष बरेच जण काढतात. एनटीएसबी या अमेरिकी तपास मंडळाने मात्र याहून महत्त्वाची गोष्ट दाखवली: हेलिकॉप्टर अगदी 200 फुटांवर आणि काठाला धरून असतं, तरी धावपट्टी 33 च्या उतरणीच्या रेषेपासून उभं अंतर फक्त 75 फुटांच्या आसपास उरत होतं. म्हणजे आराखड्यातच अंतर नव्हतं. सगळी भिस्त डोळ्यांवर होती. ऑक्टोबर 2021 ते डिसेंबर 2024 या काळात तिथे विमान आणि हेलिकॉप्टर यांच्यात 1 मैलापेक्षा कमी आडवं आणि 400 फुटांपेक्षा कमी उभं अंतर असलेल्या 15,214 नोंदी सापडल्या. त्यांतल्या 85 वेळा आडवं अंतर 1,500 आणि उभं 200 फुटांपेक्षा कमी होतं.

यातला शब्द आहे व्हिज्युअल सेपरेशन. नियंत्रक विचारतो, ‘अमुक विमान दिसतंय का?’ वैमानिक म्हणतो, ‘दिसतंय, आम्ही त्याच्यापासून अंतर ठेवतो.’ त्या क्षणी जबाबदारी रडारकडून डोळ्यांकडे जाते. यात तीन गोष्टी बिघडतात. दिसलेलं विमान भलतंच असतं, विशेषतः रात्री, जेव्हा एकामागे एक लँडिंग लाइटची रांग लागलेली असते. किंवा दिसलेलं विमान नंतर हरवतं आणि ते कोणी स्पष्ट सांगत नाही. 25 सप्टेंबर 1978 ला सॅन दिएगोत पॅसिफिक साउथवेस्ट एअरलाइन्सचं बोइंग 727 आणि एक सेसना 172 धडकले, 144 माणसं गेली. क्रूने सेसना दिसल्याचं कळवलं होतं, मग ते नजरेतून सुटलं, आणि ते उजवीकडून मागे गेलं असावं एवढंच मोघम बोलणं झालं. रडारवर धोक्याचा इशाराही वाजला होता, पण विमान दिसतंय असं कळवलेलं असल्यामुळे त्यावर काही केलं गेलं नाही. तिसरी गोष्ट रेडिओची. वॉशिंग्टनला ‘त्याच्या मागून जा’ या अर्थाच्या सूचनेतले नेमके कळीचे शब्द हेलिकॉप्टरपर्यंत पोहोचले नाहीत, कारण त्याच क्षणी हेलिकॉप्टरचं माइकचं बटण एका सेकंदापेक्षाही कमी वेळ दाबलं गेलं होतं. तेव्हा विमान नजरेतून गेलं की ‘दिसत नाही’ हे शब्द लगेच उच्चारायचे. त्यात कमीपणा काही नाही, आणि ‘असावं’, ‘वाटतं’ असले शब्द इथे चालत नाहीत.

डोळ्यांच्या मर्यादेचा हिशेबही मांडू. अमेरिकी विमान प्रशासनाच्या मार्गदर्शनात एक जुना तक्ता आहे: वस्तू नजरेत येणं 0.1 सेकंद, ते विमान आहे हे ओळखणं 1, ते आपल्यावरच येतंय हे कळणं 5, कुठे वळायचं ते ठरवणं 4, हातापायांची हालचाल 0.4, विमान प्रत्यक्ष वळायला लागणं 2. एकूण 12.5 सेकंद. आता 250 नॉटचं (ताशी 250 नॉटिकल मैल वेगाचं) जेट आणि समोरून 100 नॉटचं छोटं विमान घ्या. जवळ येण्याचा वेग 350 नॉट, म्हणजे सेकंदाला 180 मीटर. 12.5 सेकंदांत 2,250 मीटर संपतात. तेवढ्या अंतरावर 11 मीटर पंखविस्ताराचं विमान, हात पूर्ण लांब करून धरलेल्या पट्टीवर जेमतेम 3 मिलिमीटर भरेल. तीही पंखांची लांबी झाली. समोरून दिसणारं धड अर्धा मिलिमीटरसुद्धा नाही. आणि ही शेवटची वेळ आहे, त्याआधी ते याहून लहान होतं.

यात भर म्हणजे, जे विमान धडकणार असतं ते काचेवर हलत नाही. दोघांचा वेग आणि दिशा कायम असेल तर समोरचा ठिपका एकाच जागी राहतो, फक्त मोठा होत जातो, आणि तेही शेवटच्या काही सेकंदांत एकदम. आपली नजर हालचाल टिपते, स्थिर ठिपका टिपत नाही. तो जर खिडकीच्या खांबाआड असेल तर खांबाआडच राहतो. म्हणून नुसतं बाहेर पाहून चालत नाही. आकाशाचे 10 अंशांचे तुकडे पाडायचे, प्रत्येक तुकड्यावर नजर किमान एक सेकंद थांबवायची, आणि अधूनमधून डोकं पुढे-मागे हलवायचं. सरसर फिरवलेल्या नजरेला काही दिसत नाही.

उंचीच्या चुका हा दुसरा मोठा भाग. 12 नोव्हेंबर 1996 ला दिल्लीच्या पश्चिमेला चरखी दादरीवर सौदियाचं बोइंग 747 आणि कझाकस्तान एअरलाइन्सचं आयएल-76 धडकलं, 349 जण गेले. येणाऱ्या विमानाला 15,000 फुटांवर थांबायचं होतं, जाणारं 14,000 वर होतं. येणारं थांबलं नाही. येण्याजाण्याला तेव्हा एकच मार्ग होता आणि नियंत्रकाच्या रडारवर विमानाची उंची दिसत नव्हती. 1000 फुटांचं अंतर कागदावर होतं, पण ते मोडतंय हे पाहण्याची सोय कोणाकडेच नव्हती. उंची चुकण्याची रोजची कारणं साधी असतात: सारख्या कॉलसाइनमुळे (रेडिओवरच्या विमानाच्या नावामुळे) दुसऱ्याची परवानगी आपली समजणं, चुकीचा रीडबॅक, म्हणजे वैमानिकाने परत म्हणून दाखवलेली परवानगी, नियंत्रकाच्या कानाआड होणं, आकडा बरोबर वाचून उंची निवडायच्या खिडकीत चुकीचा लावणं. क्यूएनएच, म्हणजे उंचीमापकात लावायचा स्थानिक हवेचा दाब, 10 हेक्टोपास्कलने चुकला तर साधारण 270 ते 300 फुटांचा फरक पडतो. बरं, टीकॅस मात्र क्यूएनएच पाहतच नाही. दोन्ही विमानांची उंची तो 1013 हेक्टोपास्कल या एकाच प्रमाण दाबावर तोलतो. त्यामुळे चुकीच्या सेटिंगने तो फसत नाही. उंची मोजणारं उपकरणच बिघडलं असेल तर मात्र वैमानिक, नियंत्रक आणि टीकॅस तिघांनाही एकच खोटा आकडा दिसतो.

काही आरए निव्वळ चढण्याच्या वेगामुळे येतात. समजा तुम्हाला 7,000 फुटांपर्यंत परवानगी आहे आणि वर 8,000 वर दुसरं विमान सरळ चाललंय. तुम्ही मिनिटाला 3,000 फुटांनी, म्हणजे सेकंदाला 50 फुटांनी चढताय. 6,750 ला पोहोचलात की वरच्याशी 1,250 फुटांचा फरक उरतो, म्हणजे बरोबर 25 सेकंद. तुम्ही 7,000 वर थांबणार आहात हे टीकॅसला माहीत नाही. तो ओरडतो, वरच्या विमानालाही कदाचित वर ढकलतो, आणि त्याच्याही वर कोणी असलं तर साखळी सुरू होते. शेवटच्या 1000 फुटांत वेग मिनिटाला 1,500 फुटांच्या आत आणा, हेच अंतर 50 सेकंदांचं होतं आणि काही वाजत नाही. आयकाओचीही हीच शिफारस आहे. गर्दीच्या विमानतळांवर मी ही सवय सगळ्यांत वर ठेवेन: खर्च शून्य, फायदा रोजचा.

समांतर धावपट्ट्यांवर धोका आडवा येतो. दोन्हींवर एकाच वेळी स्वतंत्रपणे उतरण्यासाठी (स्वतंत्र समांतर अॅप्रोच) मध्यरेषांत किमान 1,035 मीटर अंतर लागतं, मधे किमान 610 मीटरचा निषिद्ध पट्टा असतो. दोन्ही बाजूंना उरतात 212 मीटर. एखादं विमान 180 नॉटनी 30 अंशांत येऊन मध्यरेषा ओलांडून गेलं, तर आडवा वेग सेकंदाला 46 मीटर पडतो, म्हणजे साडेचार सेकंदांत ते निषिद्ध पट्ट्यात. म्हणूनच दोन्ही विमानं आपापल्या रेषेवर स्थिरावेपर्यंत त्यांच्यात 1000 फूट उभं अंतर राखतात, आणि फक्त हे पाहायला वेगळा नियंत्रक बसवतात. वेग जास्त ठेवून उशिरा वळणं, किंवा शेजारच्या धावपट्टीच्या आयएलएसची (उतरण्याची रेषा दाखवणाऱ्या रेडिओ यंत्रणेची) फ्रिक्वेन्सी लावणं, ही इथली नेहमीची चूक. नियंत्रकाने ‘ताबडतोब डावीकडे वळा’ म्हटलं तर ऑटोपायलटच्या नॉबशी खेळत बसायचं नाही, हाताने वळवायचं.

गो-अराउंडकडे, म्हणजे उतरणं सोडून पुन्हा वर चढण्याकडे, फार दुर्लक्ष होतं. हलकं झालेलं जेट मिनिटाला 3,000 फुटांहून जोरात चढतं आणि ठरलेली उंची बरेचदा 2,000 किंवा 3,000 फूटच असते. पुढे नुकतंच उडालेलं विमान असतं. 4 फेब्रुवारी 2023 ला ऑस्टिनमध्ये दाट धुक्यात फेडएक्सचं 767 उतरत असताना त्याच धावपट्टीवर साउथवेस्टच्या 737 ला उड्डाणाची परवानगी दिली गेली. टॉवरला धुक्यात काही दिसत नव्हतं, जमिनीवरचं रडार तिथे नव्हतं, टीकॅस त्या उंचीवर मुका. फेडएक्सच्या क्रूने आधीच शंका येऊन उतरण्याची परवानगी पुन्हा विचारून घेतली होती, आणि समोर विमान दिसताच वर उचललं. अंतर 200 फुटांहून कमी उरलं होतं. फ्रिक्वेन्सीवर इतरांना दिलेल्या परवानग्या ऐकून मनात चित्र तयार ठेवणं, एवढंच तिथे कामी आलं.

टॉवर नसलेल्या छोट्या धावपट्ट्यांवर गणित वेगळं. तिथे धडक बहुधा समोरासमोर होत नाही. फायनलवर, म्हणजे धावपट्टीच्या सरळ रेषेतल्या शेवटच्या टप्प्यावर, वेगवान विमान संथ विमानाच्या पाठीवर चढतं. वरच्या विमानाचे पंख धडाच्या खाली आणि खालच्याचे धडाच्या वर असतील तर दोघांनाही एकमेकांचा पत्ता नसतो. सरळ फायनलवर येणारा आणि बेसवरून, म्हणजे त्याआधीच्या आडव्या टप्प्यावरून, वळणारा, हीही ठरलेली जोडी. 10 मैलांपासून ऐकायला लागा. रेडिओवरच्या हाकेत विमानतळाचं नाव, विमानाचा प्रकार, जागा, उंची, पुढचा बेत, आणि शेवटी पुन्हा विमानतळाचं नाव सांगा. धडाच्या वर पंख असलेल्या विमानात वळण्याआधी त्या बाजूचा पंख किंचित उचलून पाहून घ्या. बेसवरून फायनलला वळताना फक्त धावपट्टीकडे न बघता उलट्या बाजूला, फायनलच्या लांब टोकाकडेही बघा. टॅब्लेटवरचं एडीएस-बीचं (विमानं स्वतःची जागा प्रसारित करतात त्या यंत्रणेचं) चित्र उपयोगी आहे, पण ज्याच्याकडे उपकरण नाही तो त्यावर नसतो. 31 ऑगस्ट 1986 ला लॉस एंजेलिसजवळ सेरिटोसवर एरोमेक्सिकोच्या डीसी-9 ला धडकलेलं पायपर आपली उंची पाठवत नव्हतं. 82 बळी गेले. त्यानंतरच अमेरिकेत मोठ्या विमानतळांभोवती उंची सांगणारा ट्रान्सपॉन्डर आणि प्रवासी विमानांत टीकॅस सक्तीचा झाला.

आता आरए आला तर. टीएला फक्त बाहेर शोधायचं आणि हात तयार ठेवायचे. पडद्यावरच्या खुणेवरून वळायचं नाही, कारण टीकॅसची दिशा ढोबळ असते. आरए आला की ऑटोपायलट काढा. ज्या एअरबसवर ऑटोपायलटच आरए उडवतो तिथे मात्र त्याला उडवू द्या. पाच सेकंदांच्या आत, हलक्या हाताने, साधारण पाव जी (गुरुत्वाकर्षणाच्या पाव पट) इतक्या जोराने नाक हलवून चढ-उताराच्या वेगाचा काटा हिरव्या पट्ट्यात आणायचा, बहुतेकदा मिनिटाला 1,500 फूट. आदेश उलटला किंवा वाढला तर अडीच सेकंद. जास्त खेचू नका. वरच्या थरात दुसरं कोणी असतं. स्टॉल (पंखांची उचल जाणं), विंडशिअर (वाऱ्यातला अचानक बदल) आणि जमीन जवळ आल्याचा इशारा मात्र आरएपेक्षा वरचढ. फायनलवर 1,000 फुटांच्या वर ‘क्लाइंब’ आला तर तो गो-अराउंडच.

नियंत्रक उलट सांगत असला तरी आरएच पाळायचा. 1 जुलै 2002 ला युबरलिंगनवर टीयू-154 ला टीकॅस ‘चढा’ म्हणत होता, नियंत्रक ‘उतरा’. ते उतरलं, समोरचं डीएचएलचं 757 आपल्या टीकॅसप्रमाणे उतरतच होतं, 71 गेले. दोन्ही टीकॅस आपसात बोलून एकाला वर, एकाला खाली पाठवतात. एकाने न ऐकलं तर दोघांचंही बिघडतं. रेडिओवर एवढंच: कॉलसाइन, ‘टीकॅस आरए’. मग नियंत्रकाने उंची किंवा दिशा बदलायला सांगायचं नाही, आसपासची माहिती तेवढी द्यायची. ‘क्लिअर ऑफ कॉन्फ्लिक्ट’ झाल्यावर ठरलेल्या उंचीकडे परततोय असं कळवायचं.

एअरप्रॉक्स नोंदवायचा असेल तर त्याच फ्रिक्वेन्सीवर लगेच सांगा, म्हणजे रडार आणि ध्वनिमुद्रण जपलं जातं. वेळ, जागा, दिशा, उंची, आरएचे शब्द, समोरचं विमान कुठून कुठे गेलं, हे उतरल्याबरोबर, एकमेकांशी चर्चा करण्याआधी, दोघांनी वेगवेगळं लिहावं. धडक टाळायला मार्ग बदलावा लागला असेल, किंवा बदलायला हवा होता, तर आयकाओच्या परिशिष्ट 13 प्रमाणे ती गंभीर घटना ठरते. कॉकपिट व्हॉइस रेकॉर्डर नव्या मोठ्या विमानांत 25 तास ठेवतो, जुन्यांत जेमतेम 2 तास. पार्किंगला वीज चालू राहिली की तो पुढे लिहितच जातो आणि हवे तेच मिनिट पुसतो, म्हणून इंजिन बंद झाल्यावर कंपनीच्या पद्धतीप्रमाणे त्याचा सर्किट ब्रेकर ओढा आणि टेक लॉगमध्ये (विमानाच्या तांत्रिक नोंदवहीत) तशी नोंद करा.